वाईट जागी थांबायचं न्हाय

मी पुस्तकं आधी ऐकली आणि मग वाचली, त्यामुळे माझी मतं जरा उलट्या बाजूनं आलेली आहेत. अमक्या लेखकाची भाषा गोड, असं कुणी म्हणालं की मी विचारते, तुम्हाला मोठ्यानं वाचून कुणी दाखवलं? डोळ्यांनी वाचणारा माणूस लबाडी करतो. कंटाळा आला की चार ओळी ओलांडतो. कानाला ती सोय नाही, जे येईल ते घ्यावं लागतं. हे शहाणपण मी सोलापुरात माहेरी एका उन्हाळ्यात कमावलं, डोळ्यांना पट्टी बांधून आणि पोट पुढं घेऊन. त्या उन्हाळ्याबद्दल मी सहसा बोलत नाही. परवा नातीनं सहज विचारलं, "आजी, तू ऐकलेलं सगळ्यात चांगलं पुस्तक कुठलं गं?" उत्तर मला ठाऊक होतं, पण ते तोंडातून निघेना.

सायबाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. पहिल्या बाळंतपणासाठी मी सांगोल्याहून, म्हणजे सासरहून, आले आणि आल्या आल्या डोळे आले. डोळे सगळ्यांचेच येतात आणि जातात. माझ्या बुबुळावर फोड उठला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध घालून दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि उजेड लागला तर डोळे जातील असं आईला बजावलं. झालं, मला माजघरात भिंतीशी बसवलं ते बसवलंच. शेजारी मोमीन विणकरांचे माग होते. त्यांची खटखट सुरू झाली की सकाळ, आणि थांबली की जेवणाची वेळ, असं माझं घड्याळ झालं.

बसून बसून मी इतकी चिडचिडी झाले की घरच्यांनी मला गप्प करायला वाचून दाखवायचं ठरवलं. पहिले वडील बसले. ते गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, दिवसभर साच्यांच्या खडखडाटावर आवाज काढायची सवय. वर्तमानपत्रातली पावसाची बातमीसुद्धा ते कुणाला तरी कामावरून काढून टाकल्यासारखी वाचायचे. मग मामा बसला. मामा शाळामास्तर, वाचनालयातून पुस्तकं तोच आणायचा, आणि त्याला प्रत्येक शब्दाची फोड करून सांगितल्याशिवाय पुढं जाववत नसे. खुनी खिडकीतून आत शिरला की मामा 'गवाक्ष' शब्द समजावून सांगायला थांबायचा, आणि तोवर खुनी बिचारा एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून ताटकळायचा. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, कुणी विचारलंच नाही. त्याला घरात कुणी काहीच विचारत नसे आणि तोही कुणाला काही सांगत नसे.

पलीकडच्या आळीत एका कापडवाल्याकडे फोनो होता. आईनं एकदा मला हात धरून तिथं नेलं. तबकडीवर नाटकातला प्रवेश होता, आवाज खणखणीत, बोलणं स्वच्छ. तरी मला ते यंत्र आवडलं नाही. ऐकणारा आहे की उठून गेला, याची त्याला काही पडलेली नसते. नायिका मरायला टेकली आणि तबकडी संपली. कापडवाल्याची बायको म्हणाली, "फुडची फुटली की हो." आईनं मला तशीच उठवून घरी आणलं आणि माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या.

आईचं एक होतं. पोथी ऐकताना युद्धाच्या किंवा मरणाच्या जागी वाचन थांबवत नाहीत. कुणाची भेट होईपर्यंत, कुणी जन्माला येईपर्यंत, निदान कुणी घरी पोचेपर्यंत पुढं वाचायचं आणि मग पोथी मिटायची, ही आमच्याकडची रीत. आईनं ती कादंबऱ्यांनाही लावली. "पोटुशीच्या कानावर वाईट पडलं तर पडू द्या, पर तितं थांबायचं न्हाय," ती म्हणायची. "चांगल्या जागी थांबा." मीही हे इतकं मनावर घेतलं होतं की नको तिथं कुणी पुस्तक मिटलं तर मी अंगावर धावून जायची.

शेवटी वाचायचं काम वहिनीकडे आलं, कारण बाकीचे कंटाळले आणि तिला कुणी कंटाळू देत नसे.

वहिनी अक्कलकोटच्या पुढची, पार कानडी मुलखाच्या कडेची. मराठी शाळेत चार यत्ता शिकलेली. ती ओळीवर बोट ठेवून वाचायची. मला त्या बोटाचा कागदावर सरकण्याचा आवाज यायचा. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं, वहिनी मनात जुळवायची आणि मग ते अक्षर एकदम बाहेर टाकायची. वाक्यं वर चढवून संपवायची, त्यामुळे पुस्तकातले सगळेच लोक सारखे काहीतरी विचारत असल्यासारखे वाटायचे. आधी मी वैतागले. मग मला त्याची सवय झाली, आणि थोड्याच दिवसांत दुपारची भांडी घासून वहिनी कधी येते याची मी वाट पाहू लागले.

पहिलं पुस्तक गुप्तहेराचं होतं. मुंबईच्या गोदीत पेटी सापडते, पेटीत हात सापडतो, आणि गुप्तहेर दाढी लावून सगळीकडे हिंडतो. माझ्या मते त्या गुप्तहेराला काडीची अक्कल नव्हती. पण मध्येच एक जागा अशी आली की मी सरळ होऊन बसले. मोलकरीण दुपारी धुणं घेऊन बावीवर जाते. 'बावीचं पाणी खाली गेलं होतं. तिनं वाकून बघितलं तर खालून तिचंच तोंड वर बघत होतं, आणि ते खालचं तोंड दमलेलं नव्हतं.' एवढं वाचून वहिनी थांबली. मी म्हटलं, "अगं, इथं कुटं थांबतीस? पुढं वाच." मग वहिनीनं पुढं वाचलं की मागून कुणीतरी हाक मारली, 'बाक्का, बा', आणि ती बाई धुणं उचलून घरी गेली. वहिनीनं पुस्तक मिटलं.

"ह्या मोलकरणीचं नाव बाक्का हाय व्हय?" मी विचारलं.

"हाय तसंच काईतरी, वन्सं," वहिनी म्हणाली.

पट्टी बांधली तर डोळे जातात, कान जात नाहीत. पण लोकांना वाटतं सगळंच गेलं. माझ्यासमोर घरात काय वाट्टेल ते बोललं जायचं. दादाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि वहिनीला मूल नव्हतं. तेव्हा असं झालं की दुसरी करायची, यात कुणाला काही विशेष वाटत नसे. वडिलांच्या ओळखीच्या कुणीतरी मोडनिंबची एक मुलगी सुचवली होती. आई आणि वडील ते सगळं माझ्या पुढ्यात बसून बोलायचे, मुलगी किती अंगापिंडानं आहे, तिच्या आईला किती झाली. त्याच वेळी स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज येत असायचा. आईचा आवाज वाढला की थापणं थांबायचं. मग पुन्हा सुरू व्हायचं, आधीपेक्षा जोरात.

दुसरं पुस्तक ऐतिहासिक होतं. घोडे, भाले, आणि पानपानभर प्रतिज्ञा. ह्या लेखकाबद्दल माझं मत असं, की त्याच्या माणसांना कधी तहान लागत नाही आणि कधी झोप येत नाही. अशा माणसांची काळजी कशी वाटणार? पण मधेच किल्लेदाराची बायको आली आणि पुस्तक जिवंत झालं. 'ती बावीच्या पायऱ्या उतरली. ऊन होतं तिथवर पाय भाजत होते. पाण्यातली पायरी गार लागली. ती बसली आणि म्हणाली, हितं कुणी काय विचारत न्हाय.' मला ते फार आवडलं. किल्लेदाराची बायको आपल्यासारखं बोलते, न्हाय म्हणते, म्हणजे लेखकाला माणसांची जाण आहे, असं मी वहिनीला म्हणाले सुद्धा. इथंही मागून 'बाक्का, बा' अशी हाक आली आणि ती उठून वाड्यात परत गेली. मला वाटलं, दोन्ही पुस्तकांत बाक्काच कशी? पण लेखक एकमेकांचं उचलतात हे मामा नेहमी सांगायचा.

आणखी एक माझ्या ध्यानात आलं होतं, फक्त मी त्याला अर्थ दिला नव्हता. ह्या बावीच्या जागा आल्या की वहिनी अडखळत नसे. आवाज खाली यायचा, संथ व्हायचा. वाक्यं वर चढत नसत. जोडाक्षरंच येत नसत म्हटलं तरी चालेल. मला वाटायचं, चांगलं लिहिलेलं असलं की वाचायलाही सोपं जातं.

तिसरं पुस्तक बंगालीवरून केलेलं. त्यात सगळी माणसं प्रेमानं आजारी पडत आणि एकमेकांच्या कपाळावर हात ठेवत. ते ऐकून माझ्याच अंगात कणकण भरल्यासारखी झाली. आणि पुन्हा बावी! आता मात्र मी म्हणाले, "बंगालात नुसती तळी असत्यात म्हणतो मामा. मग ही बावी कुठनं आली?" वहिनी म्हणाली, "असंल की एकादी." आणि पुढं वाचू लागली.

'त्या बाईनं घरातनं निघताना जोडवी काढली आणि कोनाड्यात ठेवली. पाण्यात गेली तर वाया जातील. कोनाड्यात राहिली तर दुसरीच्या पायात येतील.'

सवाष्णीनं जोडवी काढणं मला ऐकवेना. मी वहिनीचा हात धरला. तो भर उन्हाळ्यात गार होता. "हाक कवा मारत्यात तिला?" मी विचारलं. "मारत्यात की," वहिनी म्हणाली, पण त्या दिवशी ती हाक यायला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मामा पुस्तकं बदलायला आला. वहिनी धुणं घेऊन गेली होती. घरच्या आडाचं पाणी उन्हाळ्यात तळाला जायचं, त्यामुळे धुणं मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर न्यावं लागे. मामाला पाहून मला माझी मतं सांगायची सुरसुरी आली. मी म्हणाले, "मामा, ह्या तुज्या पुण्याच्या लेखकांना बावीशिवाय कायच सुचत न्हाय का रं?"

"कशाशिवाय?"

"बावी. शुद्ध मराठीत विहिरीला बावी म्हणत्यात न्हवं?"

मामा खो खो हसला. "अगं येडे, बावी कानडी! पुण्याचा लेखक बावी लिवंल का? कुठल्या पुस्तकात हाय दाव बरं." मी म्हटलं, तिन्हीत आहे. बाक्का नावाची बाई असते तिथं. मामा आणखी हसला. "बाक्का न्हवं गं. बा अक्का, बा. म्हंजे ये ताई, ये. त्येबी कानडीच." बाजारात कानडी माझ्याही कानावर पडायची, पण कळायची ती भाजीच्या भावापुरती. मामा पुस्तक घेऊन चाळायला लागला. मी पानांचा आवाज ऐकत होते. एक पान, दुसरं पान, भराभर. "विहीर न्हाय, आड न्हाय," तो म्हणाला. "तळं हाय एक, त्यात कमळं हैत. तुला कुणी फशिवलं?"

तेव्हा मला ते कळलं. बावीच्या जागा येत तेव्हा पान उलटल्याचा आवाज कधीच आला नव्हता. बोट सरकल्याचासुद्धा नाही.

मामाला हे सगळं इतकं गमतीचं वाटलं की तो स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगून आला आणि चहा पिऊन गेला. मी भिंतीला टेकून बसले होते. माझ्या पोटात बाळ फिरलं आणि मला त्याचीही भीती वाटली. वहिनी आत्ता कुठं आहे, हे मला ठाऊक होतं. मळ्यात, पायऱ्यांवर. माग चालले होते, त्यामुळे बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. मी देवाचं नाव घेत बसले. दारात ओलं धुणं टेकवल्याचा आवाज आला तेव्हा मला रडू फुटलं.

संध्याकाळी आई धान्य पाखडत होती. मी तिला सांगितलं. पुस्तकात काय नव्हतं आणि वहिनीनं काय वाचलं, पाय भाजले, पायरी गार लागली, जोडवी कोनाड्यात, सगळं. आईचं सूप थांबलं. मग ती म्हणाली, "पोटुशीनं असलं तोंडातनं काडू न्हाय." आणि पाखडायला लागली. पण दुसऱ्या दिवशी ती वहिनीला म्हणाली, "आजपासनं धुणं हितंच आडावर धू. लई ऊन हाय." आडात नुसता गाळ होता. दोन दिवस कपडे लालसर निघाले, आणि मग धुणं पुन्हा मळ्यात जायला लागलं.

मोडनिंबला मुलगी बघायला जायचा ठरलेला दिवस मात्र कुणी बदलला नाही. शब्द गेला होता. मी वडिलांना बोलून पाहिलं, त्यांनी पावसाच्या बातमीच्या आवाजात मला गप्प केलं. दादाला मी म्हणाले, "तू तरी बोल की." तो माझ्याजवळ बसला, बराच वेळ बसला, मग उठून गेला. मला त्याचा राग आला, अजूनही येतो.

आई, वडील आणि दादा पहाटेच्या गाडीनं निघाले. कुर्डुवाडीला गाडी बदलायची, मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचं. निघताना आई माझ्यापाशी वाकली. "तिला वाचायला लाव," ती कानाशी म्हणाली. "उठू दिऊ नगंस. आन चांगल्या जागी थांबा." तिच्या हाताला खोबरेल तेलाचा वास होता. म्हणजे आईला कळलं होतं, आणि तरी ती निघाली होती.

त्या दिवशी शेजारचे मोमीनही लग्नाला गावाला गेले होते. माग बंद. इतकी शांतता मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. चुलीतलं लाकूड मोडलेलं ऐकू येत होतं, भिंतीवरची पाल ऐकू येत होती. आम्ही जेवलो. वहिनीनं माझ्यासाठी शेंगांची चटणी जास्त तेल घालून केली होती आणि स्वतः काही खाल्लं नाही. तिच्या ताटात हात फिरल्याचा आवाज आला नाही.

चौथं पुस्तक शिकलेल्या मुलीचं होतं. ती सभेत भाषण करते आणि लोक टाळ्या वाजवतात. ते भाषण फार लांब होतं. ते वाचताना वहिनी नेहमीसारखी अडखळत होती, आणि प्रत्येक अडखळण्याबरोबर मला बरं वाटत होतं. जोडाक्षर आलं की मी मनात म्हणायची, अजून आहे, अजून पुस्तकातच आहे. मग बोट थांबलं. आवाज खाली आला.

'दुपारची वेळ होती. घरात कुणी नव्हतं. एक आंधळी होती, तिला दिसत नव्हतं.'

मी पुढं सरकून कान दिला.

'तिनं भांडी घासून पालथी घातली. चूल सारवली. कुणाचं काई ठिवलं न्हाय. मग तिनं जोडवी काढली.'

कोनाड्याच्या दगडावर आवाज झाला. टक. थोड्या वेळानं पुन्हा एकदा. तो आवाज गोष्टीतला नव्हता.

'ती बावीवर आली. पायऱ्या उतरली.' पुस्तक मिटलं. वहिनीनं ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या हाताला बोटं लावली. "आज एवढंच हं, वन्सं."

ती उठली. रोज ती चालली की जोडव्यांचा फरशीवर आवाज व्हायचा. आता पावलं ऐकू येत नव्हती. नुसतं लुगडं सळसळत दाराकडे गेलं. मला ओरडायचं होतं, विनवायचं होतं, आईचं नाव घ्यायचं होतं. ह्यातलं काही तोंडून निघालं नाही. निघाली ती माझी रोजची चिडचिड.

"वहिनी! वाईट जागी थांबलीस! मी पोटुशी हाय न्हवं? फुडं वाच!"

लुगडं थांबलं. "संपलं की वो पुस्तक."

"न्हाय संपलं. ती बाई अजून पायरीवर हाय. तिला घरी आण आन मग कुटं जायचं तितं जा."

"कशी आणू?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज आता वाचणाऱ्या बाईचा नव्हता. "रोज आणलं की मी तिला. रोज कुणीतरी हाक मारलं. आता न्हाय मारत कुणी. लई वाट बगितली तिनं."

मी चाचपडत उठले. पुस्तक खाली पडू नये म्हणून एका हातानं पोटाशी धरलं होतं, का ते मला आजही सांगता येणार नाही. भिंत सापडली, खुंटी सापडली, मग दार सापडेना. उन्हाची झळ कुठून येते तेवढं कळत होतं. त्या झळेकडे तोंड करून मी मोठ्यानं हाक मारली.

"बा अक्का! अक्का, बा!"

कितीदा मारली ते ठाऊक नाही. माझा कानडी उच्चार वाईटच असणार. बाहेर काही नव्हतं, कावळासुद्धा नव्हता. मग अगदी जवळून, उंबऱ्याच्या आतून, नाक ओढल्याचा आवाज आला, आणि वहिनीनं माझा दंड धरून मला पुन्हा भिंतीशी नेऊन बसवलं. ती माझ्याजवळ खाली बसली.

"वाच," मी म्हणाले.

ती वाचायला लागली. 'मग ती बाई पायऱ्या चढून वर आली.' पुस्तक माझ्या मांडीवर, माझ्या दोन्ही हातांखाली होतं. 'घरी आली. तांब्याभर पाणी प्याली.' मी म्हटलं, पुढं. 'मग तिला भूक लागली.' पुढं. ती बाई जेवली, झोपली, उठली, माहेरी गेली, तिथं एका शेळीला दोन करडं झाली होती. प्रत्येक जागी मला वाटायचं, ही चांगली जागा आहे, इथं थांबायला हरकत नाही. पण थांबवायचा धीर होईना. दिवेलागण झाली. वहिनीनं दिवा लावला, तो तिच्या एकटीसाठीच होता, आणि परत येऊन बसली.

पुढचं आधी सांगून टाकते. मोडनिंबची मुलगी पसंत पडली, लग्न झालं, तिला मुलंही झाली. ती वाईट नव्हती. माझं बाळंतपण झालं, पट्टी सुटली, एक डोळा अधू राहिला. सांगोल्याला परत जाताना मी हट्ट धरला की बाळासाठी आणि डोळ्यासाठी मला वहिनी पाहिजे. आई एका शब्दानं आडवी आली नाही. वहिनी आली ती माझ्याकडेच राहिली आणि म्हातारी होऊन आपल्या अंथरुणात गेली. पट्टी सुटल्यावर मी सगळ्यात आधी कोनाडा पाहिला होता. जोडवी तिथंच होती, वर धूळ बसलेली. घरात एवढी माणसं, पण वहिनीच्या पायाकडे कुणी पाहिलं नव्हतं. ती चारही पुस्तकं मी मागाहून स्वतः वाचली. त्यांच्याबद्दलचं माझं मत फारच खाली आलं.

पण त्या वेळी हे काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात टांगा थांबला. आधी वडिलांच्या वहाणा आल्या, मग दादाच्या. आई शेवटी आली, आणि उंबऱ्यावर थांबली. मी ऐकत होते, ती आत येईना. आम्ही दोघी भिंतीशीच बसलो होतो. वहिनीचा आवाज पार बसला होता, तरी चालू होता.

"वाचन झालं व्हय?" आईनं विचारलं. "चांगल्या जागी थांबला न्हवं?"

वहिनीनं माझा हात घट्ट धरला.

"अजून थांबलो न्हाय, आत्याबाई," ती म्हणाली.